दीड मीटरची पॉवर केबल, पाऊण लाखाला: फसवणूक की नुसती अतिशयोक्ती?

कोलशेत_कट्टा: ठाणे-नवी मुंबईतल्या हाय-एंड ऑडिओच्या जाहिराती बघा: "शुद्ध वीज, खोल बास, काळीकुट्ट शांतता". माझ्या मते ही सरळ फसवणूक. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या सॉकेटपर्यंत वीज साध्याच तारांतून येते, फ्लॅटच्या भिंतीत बहुतेक अडीच चौ. मिमी तांबं. शेवटचा दीड मीटर तिला काय शुद्ध करणार? शिवाय नेहमीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) ओलांडून ती फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरते, सेकंदाला 100 वेळा. स्पीकरला करंट मिळतो तो त्या कपॅसिटरमधून. जमिनीखालून बास आणायला केबलला वाटच नाही.

वाशी_व्हॉल्व्ह: पॉवर केबलचं मान्य. पण त्यावरून "वायर म्हणजे वायर" म्हणणारे आहेत ना, तेही तितकेच चुकतात. स्पीकरपर्यंत 5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर. अडीच चौ. मिमी तांब्याला साधारण 0.07 ओहम, काही कळणार नाही. पाऊण चौ. मिमीला 0.23 ओहम; स्पीकरचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) 3 ओहमपर्यंत खाली जातो तिथे 0.6 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) घट. तीच वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली तर जवळपास 1 डीबी. स्वस्त बंडलात हाच घोटाळा जास्त चालतो: ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली की परत करा. टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) तर केबलची कपॅसिटन्सही (चार्ज धरून ठेवण्याची क्षमता) मोजावी लागते. बऱ्याच एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजना, म्हणजे सुई असलेल्या भागाला, एकूण 100 ते 200 पिकोफॅरड लागतात. लांब केबलने ती 350 वर गेली की वरच्या पट्टीत आधी उंचवटा येतो, मग घसरण.

घणसोली_ओहम: दोघेही केबललाच धरून बसलात. खरा खेळ स्पेसिफिकेशनच्या कागदावर चालतो, आणि तो खोटाही नसतो! "सेन्सिटिव्हिटी 90 डीबी, 2.83 व्होल्ट" हे घ्या, म्हणजे तेवढ्या व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो ते. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॅट, 4 ओहमला 2 वॅट. म्हणजे 4 ओहमच्या स्पीकरची वॅटमागची सेन्सिटिव्हिटी 87 डीबीच. ॲम्प्लिफायरचे "200 वॅट" किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाज बिघडण्याला), किती चॅनेल एकदम चालवून? ते तळटिपेत, असलंच तर. "काळीकुट्ट शांतता" ही कविता आहे, तिला कोर्टात काय विचारणार?

कोलशेत_कट्टा: कविता? पुढच्याच ओळीत "नॉइज 40 टक्के कमी" असतं, राव. कुठे मोजला, कोणत्या फ्रिक्वेन्सीला? ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. आकडा दिलात की पुरावा तुम्हीच द्यायचा.

घणसोली_ओहम: आकड्याचं ठीक. पण मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचं 2022 चं प्रकरण आठवा. शुद्ध ॲनालॉग समजून लोकांनी चढ्या भावाने घेतलेल्या रेकॉर्डमध्ये डीएसडी या डिजिटल रेकॉर्डिंग पद्धतीची पायरी निघाली. अमेरिकेत दावा झाला, परतफेडीचा तोडगा निघाला. कारण रेकॉर्ड कशी बनवली हे तपासता येतं. "खोल बास" तपासणार कसा?

कोलशेत_कट्टा: म्हणूनच तसे शब्द निवडतात! आणि त्या रेकॉर्डमधलं डिजिटल इतकी वर्षं "सोन्याचे कान" म्हणवणाऱ्या जाणकारांनाही ओळखता आलं नव्हतं, हे विसरू नका.

वाशी_व्हॉल्व्ह: बासही तपासता येतो. दुकानात अट घाला: आवाज व्होल्टमीटरने 0.1 डीबीच्या आत जुळवायचा, केबल बदलणारा पडद्यामागे, 16 फेऱ्या, दर वेळी कोणती केबल ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. निव्वळ अंदाजाने 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. आवाज न जुळवता केलेला डेमो बघूच नका. किंचित मोठा आवाज नेहमी "खुला" वाटतो.

घणसोली_ओहम: 16 फेऱ्या कोणता दुकानदार करू देईल? त्यापेक्षा ज्या खोलीत ऐकता ती बघा. 12 फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झला बास घुमतोच. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढून, मोजमापाच्या माइकने पुन्हा मोजा. ओढायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करत नाही.