दोन कुटुंबं, एक शिडाची बोट आणि जुलैचा आठवडा: व्हिट्संडेला कप्तान घ्यावा का?

जुईली_अ

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहायला जायचं म्हणतोय. चार मोठे, चार मुलं. सगळ्यात धाकटं पाच वर्षांचं, थोरली तेरा. आधी कॅरिबियन डोक्यात होतं, पण जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून गाडी आता ऑस्ट्रेलियातल्या व्हिट्संडे बेटांवर येऊन थांबली आहे.

घोडं अडलंय ते कप्तानावर. नवऱ्याचा मित्र म्हणतो, "तिथे स्वतः बोट चालवायला परवाना लागत नाही, मग कप्तानाचे पैसे कशाला?" तो कॉलेजात असताना तलावात छोट्या शिडाच्या बोटी चालवायचा. नवरा त्याच्या होला हो करतोय. आम्ही दोघी अजून काही बोललो नाही, पण पोटात गोळा आलाय खरा. कोणी तिथे जाऊन आलं असेल तर सांगा, खरंच जमतं का? आणि मुलांना बोट लागली तर काय करायचं?

खारावारा

जुईलीताई, परवान्याबद्दल मित्र म्हणतात ते खरं आहे. तिथे बोट देणारे आधी काही तास सगळं समजावून सांगतात, सोबत बाहेर एक चक्कर मारून बघतात आणि मग बोट ताब्यात देतात. हात बसलेला नाही असं वाटलं तर एखाद-दोन दिवस शिकवणारा माणूस बरोबर घ्या म्हणतात. पुढेही मोकळं रान नसतं. रात्री बोट चालवायची नाही, दुपारी चारच्या आत नांगर टाकून थांबायचं, सकाळ-संध्याकाळ रेडिओवर कुठे आहात ते कळवायचं, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. बेटं ७४, एकमेकांच्या जवळ, आणि जमीन बहुतेक वेळ डोळ्यांसमोर. त्यामुळे वाट चुकण्याची भीती फारशी नाही.

पण तलावात शिकलेल्या माणसाला एक गोष्ट कधी भेटलेली नसते, ती म्हणजे भरती-ओहोटी. व्हिट्संडेत उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. जाण्याच्या तारखा ठरवताना कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमा कधी आहे ते आधी बघा. जमलं तर अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्या, पाण्याची ओढ बरीच कमी असते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय, ते नांगरावरून सांगतो. समजा ओहोटीला तुम्ही सहा मीटर पाण्यात थांबलात. रात्री भरती आली की तिथेच दहा मीटर पाणी. नांगराची साखळी सोडायची ती या दहाच्या हिशोबाने, वर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची धरून, आणि त्याच्या निदान चौपट. म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या पुढे. मॅकोना इनलेट या खाडीत आमच्या बाजूच्या बोटीने दुपारी उथळ पाणी बघून साखळी थोडीच सोडली होती. रात्री अकराच्या सुमाराला ती बोट आमच्या शेजारून मागे मागे सरकत गेली, दिवा चालू, आत सगळे गाढ झोपलेले. आम्ही टॉर्च मारून, ओरडून त्यांना उठवलं. वारा काही विशेष नव्हता.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. जुलैत तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे असतात, पंधरा-वीस नॉट (ताशी साधारण २८-३७ किलोमीटर) नेहमीचेच, कधी चार-चार दिवस पंचवीस. व्हिट्संडे पॅसेज या सामुद्रधुनीत भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे जातो, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. मग समुद्र ताठ, आखूड लाटांचा होतो. तोच रस्ता ओहोटी लागल्यावर गेलात तर निम्मा त्रास. मुलांना बोट लागते ती नव्वद टक्के या एका कारणाने: कोणीतरी घड्याळ बघून निघतं, पाणी बघून नाही.

कप्तानाबद्दल माझं मत विचाराल तर आठवडाभर नको, पहिले एक-दोन दिवस नक्की घ्या. त्या काळात नांगर टाकणं, मुरिंगची (तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाची) दोरी उचलणं आणि शीड आखूड करणं हे तीन प्रकार मित्राने नव्हे, तुम्ही चौघांनी करून बघायचे. आणि बुकिंगआधी विचारा की बोटीवर कमाल माणसं किती चालतात. तुम्ही आठ, तो नववा. तो रात्री राहणार असेल तर झोपायला जागाही हवी.

अवांतर: पैसे भरायच्या आधी एकदा बसून ठरवा की वारा वाढल्यावर शेवटचा शब्द कोणाचा. मैत्रीत हे बोलायला अवघड जातं, मान्य. पण हुक पॅसेजच्या तोंडाशी दोन मित्रांनी "जाऊ या" आणि "नको" यावर वाद घालण्यापेक्षा घरी सोफ्यावर घातलेला बरा. आमचा नियम सरळ होता: कोणीही एक जण "नको" म्हणाला की नको. त्याला कारण विचारायचं नाही आणि नंतर चिडवायचंही नाही.

रेवती_के

खारावारा यांना +१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

मुलांचं मी सांगते. बोट लागण्याचं औषध उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो, निघायच्या आधी द्यावं लागतं. कोणतं, किती ते डॉक्टरांना विचारून; कानामागे लावायच्या पट्ट्या मोठ्यांच्या असतात, त्या मुलांना परस्पर लावू नका. घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी देऊन बघा, काही मुलं त्या गोळीने ढिम्म झोपतात. बोट हलत असताना खाली केबिनमध्ये मोबाइल बघायला बसू देऊ नका. वर, मध्यभागी, क्षितिजाकडे तोंड करून बसवा.

आणि एक, कोणी सांगत नाही म्हणून: थंडी वाजते! उष्णकटिबंध म्हणून आम्ही निव्वळ सुती कपडे नेले होते. जुलैत तिकडे हिवाळा, पाणी २२ अंशांच्या आसपास. मुलं दहा मिनिटांत निळे ओठ घेऊन वर यायची. पातळ वेटसूट भाड्याने मिळतात, ते घ्याच. जेलीफिशांचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मे असला तरी अंग झाकलेलं बरं, शिवाय उन्हापासूनही वाचतं. पांढऱ्या डेकवरून परतणारं ऊन हनुवटीखाली भाजतं.

दर्यावर्दी_आबा

सगळे घाबरवताय बिचारीला. अहो, लोक मुलाबाळांसकट दरवर्षी जातात. आम्ही कप्तान-बिप्तान काही घेतला नव्हता, मजेत झालं. चार माणसं असली की एक सुकाणूवर, एक नाळेवर, दोघं मुलांकडे. सगळे दिवस शीड उभारलंच पाहिजे असंही नाही, वारा अंगावर आला तर इंजिन आहे ना.

खारावारा

आबा, घाबरवत नाही हो, पाण्याचं वेळापत्रक सांगतोय. तुम्हाला दर्याची सवय, नावातच आहे! इंजिनाचं मात्र अगदी बरोबर. शिडाचा हट्ट धरणारा एक जण असला की बाकी सात जणांची सुट्टी जाते.

जुईलीताई, जागांचं थोडं सांगतो. आग्नेयेचा वारा असला की हुक बेटाची उत्तर बाजू, म्हणजे बटरफ्लाय बे, मॉरीन्स कोव्ह, आडोशाची आणि पोहायला सुंदर. तिथे निळ्या सार्वजनिक मुरिंग असतात, त्याच वापरायच्या; प्रवाळावर नांगर टाकायचा नाही. मुरिंगवर तुमच्या बोटीची लांबी बसते का ते लिहिलेलं असतं, आणि दिवसा साधारण दोन तासांची मर्यादा. वारा खूप वाढला तर डोंगरावरून झोत खाली कोसळतात, तेव्हा घाबरू नका, फक्त दोऱ्या तपासा. दक्षिणेकडच्या नारा इनलेटमध्ये रात्र शांत जाते आणि वर थोडं चढून गेलं की तिथल्या मूळ रहिवासी न्गारो लोकांची गुहाचित्रं बघता येतात. मोठ्या मुलांना तेही आवडेल.

व्हाइटहेवन किनाऱ्याची वाळू जगप्रसिद्ध आहे, पण रात्री तिथे बोट डुलत राहते, दिवसा जाऊन या. त्याच्याच टोकाच्या हिल इनलेट खाडीतले वाळू-पाण्याचे पांढरे-निळे पट्टे ओहोटीला सगळ्यात छान दिसतात, आणि नेमकं तेव्हाच ते बघायला जिथे उतरायचं त्या टंग बेमध्ये डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) किनाऱ्याला लावायला पाणी उरत नाही. पाणी उतरायला लागल्यावर जा, फोटो काढा, डिंगी कोरडी पडायच्या आत परत या.

सिड हार्बर दिसायला तळ्यासारखं शांत आहे, रात्र काढायला उत्तम, पण तिथे पाण्यात उतरायचं नाही. २०१८ मध्ये तिथे शार्कचे हल्ले झाले, त्यातला एक जीवघेणा होता. मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण ते पाणी बघून उडी मारावीशी वाटतेच.

पोहायच्या आधी इंजिन बंद, शिडी खाली, आणि वर एक मोठा माणूस कोरड्या कपड्यांत बसलेला. हे रोज. डिंगी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेलीच हवी, भले वीस मीटर जायचं असो.

अवांतर: काकाकुवांपासून सावध. पिवळ्या तुऱ्याचा पांढरा पक्षी दिसतो साळसूद, पण उघड्या खिडकीतून आत शिरून बिस्किटांचा पुडा घेऊन जातो.

जुईली_अ

खूप खूप आभार सगळ्यांचे! मित्राला हा धागाच पाठवला. आधी थोडं फुरंगटला, मग स्वतःच भरतीचे तक्ते काढून बसला आणि आता आम्हालाच शिकवतोय. दोन दिवस शिकवणारा घ्यायचं ठरलं.

आमची बोट कॅटामरान (दोन सांगाड्यांची) आहे, चार केबिनची. केबिन कशा वाटायच्या? पुढच्या दोन मोठ्या दिसताहेत, त्यावरून आत्ताच कुरबुर सुरू आहे. आणि त्या दिवसांत देवमासे दिसतात म्हणतात, ते खरं का?

खारावारा

देवमासे दिसतात, जुलै ते सप्टेंबर हंपबॅक तिथे पिल्लं घालायला येतात. दिसले की बोट हळू करा. त्या भागात ३०० मीटरच्या आत जायला बंदी आहे. ते आपण होऊन जवळ आले तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिन न्यूट्रल करून बघत बसा.

केबिन: पुढच्या मोठ्या असल्या तरी लाटांचे तडाखे तिथेच बसतात, आणि रात्री साखळी खडखडली की पहिल्यांदा तिथल्याला ऐकू येतं. तेव्हा एक पुढची केबिन तुमच्या मित्राला द्या, नांगराची जबाबदारी त्याची. दुसरी तुमच्यापैकी ज्याला झोप कमी आहे त्याला. लहान मुलं मागच्या दोन केबिनमध्ये, तिथे हलतं कमी. खिडकीची झडप फक्त बोट निघतानाच नव्हे, रात्री झोपतानाही बंद करा. पाऊस पहाटे येतो आणि गादी दिवसभर वाळत नाही.

आणि सामान कापडी बॅगांतच भरा. कडक सूटकेस ठेवायला बोटीवर जागा नसते, ती मग आठवडाभर कोणाच्या तरी पायात येते.