सॉलिड कॉपर बुलेटने एल्क मारली पण रक्त जवळजवळ नाहीच, गोळी उघडलीच नसेल का?

माळरान_३०८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, थोडं लांबेल.

आठ वर्षं मी .३०८ रायफलमध्ये साध्या शिशाच्या, वर कॉपर जॅकेट (तांब्याचं पातळ कवच) असलेल्या १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या वापरल्या. घरात लहान मुलं तेच मांस खातात म्हणून यंदा सॉलिड कॉपर, म्हणजे शिसं नसलेली सगळी तांब्याची गोळी घेतली. वजन तेच ठेवलं, म्हटलं हातची सवय कशाला मोडा. रायफलची नळी २० इंची, ट्विस्ट १:१० (आतले आटे दहा इंचांत एक फेरा घेतात), क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, वेग साधारण २५०० फूट सेकंदाला येतो.

३४० यार्डावर मादी एल्क (मोठ्या जातीचं हरीण), अगदी आडवी उभी, वारा नाही, बायपॉडवरून (रायफलच्या दोन पायांच्या टेकूवरून) निवांत बार टाकला, फऱ्याच्या जरा मागे जिथे नेहमी टाकतो तिथेच. गोळी लागल्याचा आवाज आला, तिने पाठ आकसली आणि काही झालंच नाही अशी चालत झाडीत गेली! जागेवर जाऊन बघतो तर चार केस पडलेले, आणि रक्त म्हणाल तर पहिल्या साठ पावलांत तीन थेंब, त्यातला एक गवताच्या पात्याच्या खालच्या अंगाला, पात उलटून बघितली म्हणून दिसला. मग अंधार पडला. रात्रभर झोप नाही. सकाळी २५० यार्डावर मिळाली पण मागच्या मांडीतलं हाडालगतचं मांस आंबलं होतं, ते टाकून द्यावं लागलं आणि त्याहून वाईट हे वाटत राहिलं की ती किती वेळ जिवंत होती कुणास ठाऊक.

गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार. आत जायचं भोक आणि बाहेर पडायचं भोक दोन्ही करंगळीएवढी, फुप्फुसात भोकाभोवती थोडंसंच काळंनिळं. शिशाच्या गोळीने तिथे पार लगदा झालेला असतो. नेम चुकला नव्हता हे मला पक्कं माहितीये. मग गोळीत दोष, की माझ्या निवडीत?

रानवाट

माळरान दादा, मांस गेल्याचं आणि रात्रीचं वाचून खरंच वाईट वाटलं. तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलं, उत्तर त्यातच आहे.

शिसं मऊ असतं, गोळी अंगात शिरली की ते आपोआप पसरतं, वेग कमी असला तरी थोडंफार फुलतंच आणि त्याचे तुकडेही उडतात. तांबं तसं नाही. या गोळीच्या टोकाला आत एक पोकळी असते, बऱ्याच गोळ्यांत त्यावर प्लास्टिकची टिप बसवलेली असते. गोळी अंगात शिरली की त्या पोकळीत रक्त-पाणी दाबाने घुसतं आणि तो दाब भिंती फाडून त्याच्या पाकळ्या बाहेर वळवतो, चार किंवा सहा, गोळीप्रमाणे. पूर्ण उघडली तर गोळीचा व्यास जवळपास दुप्पट होतो आणि वजन ९५ टक्क्यांच्या वर टिकतं. पण हा दाब येतो वेगातून, वेग नसेल तर पोकळी तशीच राहते आणि गोळी सुई ओवल्यासारखी आरपार जाते. बहुतेक कॉपर गोळ्यांना लागतानाचा वेग निदान १८०० फूट लागतो, काहींना २०००, आणि लांबच्या पल्ल्यासाठी मुद्दाम बनवलेल्या असतात त्या १६०० च्या आसपासही उघडतात. मी स्वतः २००० च्या खाली बार टाकतच नाही. १८०० ला ती ‘उघडते’ म्हणजे टोक जरा फुगतं, पाकळ्या पूर्ण मागे वळत नाहीत.

आता तुमचा हिशेब करू. १८० ग्रेन, २५०० ने सुटली, म्हणजे ३०० यार्डाला १९५० च्या आसपास आणि ३४० ला १९०० च्याही जरा खाली. काठावर. तीच रायफल, १५० ग्रेन कॉपर घेतली असती तर २० इंची नळीतून २७५० तरी मिळतात आणि ३४० यार्डालाही ती २०५०-२१०० ने लागली असती. म्हणून कॉपरमध्ये वजन एक पायरी खाली उतरवतात, दोन उतरवली तरी बिघडत नाही. शिशाची जड गोळी घ्यायचं मुख्य कारण हेच की वाटेत तिचे तुकडे उडतात, निम्मं वजन गेलं तरी मागे ढकलायला काही उरावं. कॉपरमध्ये वजन जातच नाही, मग १५० ची गोळी आत गेल्यावरही १५० च राहते आणि एल्कला ती पुरून उरते.

दुसरी गोष्ट नेमाची. फऱ्यामागे फक्त फुप्फुसं घेतली तर गोळीला अडवणारं काही नसतं, हवा भरलेल्या स्पंजातून गेल्यासारखी जाते. कॉपरचा जोर हाडावर दिसतो. खांद्यावर घ्या, पुढच्या पायाच्या रेषेत, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. हाड फोडूनही ही गोळी फुटत नाही, पुढे फुप्फुसांत जाते आणि जनावर दोन पावलांत बसतं. शिशाच्या गोळीला मी हाड दाखवायला घाबरायचो, वरच्यावर फुटून नुसती उथळ जखम व्हायची भीती. त्या सवयीने आपण फऱ्यामागे टाकायला शिकलो आणि कॉपर घेतली तरी हात तिथेच जातो.

आणि हो, रक्त नाही म्हणून नेम चुकला असं समजू नका. भोक लहान असलं आणि बरगडीच्या वरच्या भागात असलं की छाती आतल्या आत भरते, बाहेर थेंब येत नाही. तुम्ही पात उलटून पाहिलीत म्हणून ती सापडली.

कडेकपार

मी वेगळं सांगतो. कॉपर तीन सीझन वापरून मी परत बॉन्डेड शिशावर आलो, म्हणजे गाभा जॅकेटला जोडलेला असतो ती, वजन बऱ्यापैकी धरून ठेवते आणि कमी वेगातही फुलते. माझ्याकडे मोकळं रान आहे, बार लांबचेच मिळतात, आणि ४०० यार्डाच्या पुढे साध्या .३०८ मधून कॉपरला वेगच उरत नाही. तांबं हलकं, शिसं घनसेंटीमीटरला ११.३ ग्रॅम आणि तांबं ९ च्या जरा खाली, त्यामुळे तेवढ्याच लांबीची गोळी हलकी होते आणि वाऱ्यात वेग लवकर सोडते. ज्यांचा पल्ला २५० च्या आत आहे त्यांनी बिनधास्त कॉपर घ्यावी, माझी काही तक्रार नाही.

भरणी_काका

रानवाटने वेगाचं नीट सांगितलंय. मी रीलोडिंगवर, म्हणजे काडतुसं घरी भरण्यावर बोलतो, कारण दादा आता १५० भरायला बसतील आणि तिथे लोक हमखास चुकतात.

तांबं हलकं म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब. लांब गोळी केसमध्ये (काडतुसाच्या नळकांड्यात) खोल बसते, पावडरची जागा खाते आणि प्रेशर वाढतं. म्हणून शिशाच्या १५० चा लोड (पावडरचं माप) उचलून कॉपरच्या १५० ला लावायचा नाही, त्या गोळीचाच डेटा बघा, खालून सुरू करा, पावडर अर्धा-अर्धा ग्रेन चढवा. लांब गोळीला ट्विस्टही जास्त लागतो, तुमच्या १:१० ला चिंता नाही पण १:१२ वाल्यांनी १६५ च्या वर जाताना जपून. बसवताना गोळी नळीतल्या आट्यांपासून पाच शतांश इंच लांब ठेवा. शिशाची गोळी आट्यांना चिकटवून ग्रुप (लागोपाठच्या बारांची भोकं किती जवळ पडतात ते) घेणाऱ्यांना हे उलटं वाटतं, पण कॉपरला ती उडी आवडते. माझ्या दोन रायफलींचे ग्रुप एवढ्यानेच निम्म्यावर आले.

आणि बदलण्याआधी नळी पार धुवा, कॉपर सॉल्व्हंट (तांबं विरघळवणारं द्रावण) लावून पॅच, म्हणजे पुसायची चिंधी, निळा यायचा थांबेपर्यंत. जुन्या जॅकेटचा थर वर असताना नुसती तांब्याची गोळी ग्रुप धरत नाही आणि माणूस गोळीला दोष देतो. पहिल्या कॉपर गोळ्या बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने १९८९ मध्ये आणल्या तेव्हा त्यांचं अंग गुळगुळीत होतं, नळीत फार थर धरायच्या. २००३ मध्ये अंगावर खाचा पाडलेली आली तेव्हापासून हा त्रास बराच कमी झाला.

सुरी_आणि_ठोकळा

मी शिकार करत नाही, पण हंगामात दुसऱ्यांची जनावरं कापून देतो, म्हणून मुलांच्या मुद्द्यावर लिहितो. दादा, परत शिशाकडे जाऊ नका.

शिशाची गोळी लागलेला फरा ठोकळ्यावर उघडला की जखमेपासून वीत-दीड वीत लांब, चांगल्या लाल मांसात बारीक करडे कण सापडतात, बोटाला वाळूसारखे लागतात, आणि जे बोटाला लागत नाहीत ते किती असतील. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले होते. सगळ्या तीसही धडांत धातूचे कण निघाले आणि ३० पैकी २४ हरणांच्या खिम्याच्या पाकिटांपर्यंत ते पोचले होते, तेही नेहमीसारखं साफ करून कापल्यावर. पोटातला कोथळा रानात टाकतो तो गिधाडं आणि गरुड खातात, कॅलिफोर्नियात काँडॉरसाठी (तिथलं दुर्मिळ गिधाड) हाच विषय कायद्यापर्यंत गेला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. डेन्मार्कनेही २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या.

तांब्याची गोळी लागलेलं जनावर आलं की मी जखमेच्या दोन बोटं बाहेरपर्यंतच कापून टाकतो, बाकी सगळं चांगलं. कधी एखादी पाकळी तुटून राहते, ती डोळ्याला दिसते आणि चिमट्याने निघते.

माळरान_३०८

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः रानवाट आणि काका. सुरीवाल्या दादांचं वाचून बायकोलाही दाखवलं, शिसं आता घरात येणार नाही.

सांगितल्याप्रमाणे केलं. नळी धुतली (अकरा पॅच लागले, शेवटचा पांढरा आला), १५० भरली, आट्यांपासून पाच शतांश मागे, वेग २७६०. मग राहवेना म्हणून पाण्याचे कॅन एकामागे एक मांडले आणि बरोबर ३४० यार्डावरून दोन्ही गोळ्या मारून बघितल्या. १८० वाली सगळ्या कॅनमधून जाऊन मागच्या मातीच्या बांधात घुसली, उकरून काढली तर टोक नुसतं फुगलंय, कळी उमलायच्या आधी दिसते तसं, पाकळी एकही मागे वळलेली नाही. १५० वाली पाचव्या कॅनच्या तळाशी पडलेली मिळाली, चारही पाकळ्या पार मागे वळलेल्या, काट्यावर १४८.६ ग्रेन.

रानवाट

हेच. आता तीच गोळी ४०० वरून मारून बघा, पाकळ्या अर्ध्या उघडायला लागल्या की त्याच्या ५० यार्ड अलीकडे तुमची हद्द.

माळरान_३०८

रविवारी बघतो, चार कॅन अजून शिल्लक आहेत.