लिनड्रममध्ये हलगीचा आवाज: इप्रॉम कसा भरायचा?

मिरजकर_ताल: 1982 चा लिनड्रम (ड्रम मशीन) आहे. काऊबेलच्या जागी हलगी हवी. कोऱ्या 2732 इप्रॉमवर (आवाज साठवणाऱ्या मेमरी चिपवर) फाइल भरली, पण नुसती खरखर येते. सांगलीत कुणी केलंय का?

इप्रॉमवेडा: फाइल साधी 8 बिट पीसीएम (समान पायऱ्यांत मोजलेला आवाज) असणार. लिनड्रमचा एएम6070 डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) म्यू-लॉ मागतो, म्हणजे लहान आवाजाला बारीक आणि मोठ्याला जाड पायऱ्या. त्यातही टेलिफोनच्या म्यू-लॉमध्ये सगळे बिट उलटे (0 चा 1, 1 चा 0) असतात, ते परत फिरवावे लागतात. आधी मूळ चिप वाचून ठेवा. तिच्या शेवटच्या शांत भागातले बाइट 00 किंवा 80 च्या आसपास आणि तुमचे एफएफ किंवा 7एफ असतील, तर घोळ तिथंच आहे.
जागा 4096 बाइट. सेकंदाला 28 हजार नमुने (28 किलोहर्ट्झ) धरले तर जेमतेम 0.15 सेकंद! हलगीची थाप बसते, घुमारा नाही. शेवट शून्यावर उतरवा, नाहीतर 'टक्' ऐकू येतं.

सातारी_सोल्डर: चिप भरतानाचं व्होल्टेजही बघा. 2732 ला 25, 2732ए ला 21 लागतात. बरेच स्वस्त यूएसबी प्रोग्रामर (चिप भरायचं यंत्र) तेवढे देत नाहीत. 27सी32बी ला 13 च्या आसपास भागतं.
खाच मूळ चिपसारखीच ठेवा, उलटी बसली तर चिप जळू शकते. चिपच्या काचेवर काळी पट्टी लावा, उजेडानं आतलं पुसलं जाऊ शकतं.

मिरजकर_ताल: बिट उलटेच होते. हलगी कडक वाजली, आभार दादा!