मदत हवी आहे : सुऱ्या घासायला बेल्ट ग्राइंडर, मोटार कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ आमचं लोहारकामाचं शेड आहे. वडील ऊसतोडीचे कोयते करतात, मी दोन वर्षांपासून गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून स्वयंपाकाच्या सुऱ्या करतोय. आजवर सगळं हँड ग्राइंडरवर. पण धारेकडचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा येत नाही, आणि पाणी दिलेलं (तापवून, विझवून कडक केलेलं) पातं घासताना निळं पडलं की तिथला कडकपणा गेलाच. मागच्या महिन्यात एक चांगलं पातं असंच गेलं, फार जिवाला लागलं.

म्हणून २ बाय ७२ इंची पट्ट्याचं मशीन ठरवलंय. पट्टा लांब असला की कमी तापतो. फ्रेम आणि चाकं शिवाजी उद्यमनगरात करून घेईन, त्याची काळजी नाही. अडलंय मोटारीवर.

शेडला सिंगल फेज आहे. २ एचपी थ्री फेज मोटार व्हीएफडीवर (सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) लावली तर वेग कमीजास्त करता येईल. पण अशा व्हीएफडीतून २३० व्होल्टच निघतात आणि दुकानात दाखवलेली मोटार ४१५ व्होल्टची, स्टार जोडणीची. ती डेल्टात (आतल्या गुंडाळ्यांची कमी व्होल्टला चालणारी जोडणी) जोडून कुणी चालवलीय का? तारा आतून काढाव्या लागल्या का?

दुसरं, २८८० आरपीएम की १४४०? ५ इंची चाकावर २८८० ला पट्टा सेकंदाला साधारण १९ मीटर पळतो. खरवडायला ते ठीक, पण पाणी दिलेल्या पात्याला वेग उतरवल्यावर जोर पुरतो का?

मोटार पूर्ण बंद बॉडीचीच घेणार, लोखंडाची धूळ आत जायला नको. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात खरेदी करायची आहे.