फ्रेशर म्हणून मुलाखतीतील नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून मी गेल्या जूनमध्ये संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. तिसऱ्या सत्रात एक केटी लागली होती, म्हणजे एक विषय राहिला होता, ती पुढच्याच परीक्षेत सुटली. कॅम्पसमधून निवड झाली नाही म्हणून गेल्या दहा महिन्यांत पुण्यात येऊन चार मुलाखती दिल्या. त्यांपैकी दोन ठिकाणी मी तांत्रिक फेरीच्या शेवटापर्यंत पोहोचले, परंतु नकाराचे कारण कोणीच कळवत नसल्यामुळे नेमके कुठे चुकते हे समजेनासे झाले आहे.

ज्या प्रश्नांवर मी अडते ते अगदी नेहमीचेच आहेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की नाव, गाव, कुटुंब, शिक्षण, छंद या क्रमाने पाठ केलेले इंग्रजी परिच्छेद मी म्हणून दाखवते आणि दुसऱ्या वाक्यालाच समोरची व्यक्ती लॅपटॉपकडे पाहू लागते. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी मिळून केला होता. वसतिगृहाच्या मेसची हजेरी आणि मासिक बिल काढणारी ती प्रणाली होती, पण तिचा बराचसा कोड एका मित्राने लिहिला. माझ्याकडे डेटाबेस आणि बिलाचा भाग होता, त्यामुळे ‘यात तुम्ही काय केले?’ असे विचारले की माझे ‘आम्ही’ सुरू होते. डेटाबेसमधील माहिती पुसणाऱ्या डिलीट आणि ट्रंकेट या आज्ञांतील फरक मला तोंडपाठ होता, मात्र ‘असे का?’ एवढाच उपप्रश्न आला आणि मी गप्प झाले. तुमचा कमकुवतपणा कोणता, दहा महिने काय केले, रात्रपाळी चालेल का, या प्रश्नांना प्रामाणिक उत्तर द्यावे की अपेक्षित उत्तर द्यावे, हेही ठरवता येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिंजवडीकर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण गेली काही वर्षे आमच्या चमूसाठी फ्रेशर उमेदवारांच्या तांत्रिक मुलाखती मी घेत आलो आहे.

‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नामागे फार मोठे मानसशास्त्र आहे असे समजू नका. अनेकदा आधीची मीटिंग लांबलेली असते, तुमचा रेझ्युमे मी तेव्हाच उघडलेला असतो आणि तो वाचायला मला दीड मिनिट हवे असते. म्हणजे समोरचा लॅपटॉपकडे पाहतो तो प्रत्येक वेळी कंटाळूनच पाहतो असे नाही. कदाचित तो तुमच्याविषयीच वाचत असेल. मात्र त्या दीड मिनिटात तुम्ही ज्या गोष्टीचे नाव घेता, तिच्यावरच माझा पुढचा प्रश्न येतो. तुम्ही वाचन आणि क्रिकेट यांवर थांबलात तर मला विचारण्यासारखे काही उरत नाही आणि मग मी यादीतले ठरावीक प्रश्न काढतो. त्याऐवजी ‘मी संगणक अभियांत्रिकीची पदवीधर आहे, अंतिम वर्षात मेसच्या बिलांची प्रणाली केली, तिच्यातील टेबलांची (माहिती साठवणाऱ्या तक्त्यांची) रचना आणि बिलाचा हिशेब माझ्याकडे होता, आणि त्यानंतर मी अमुक शिकत आहे’ एवढेच सांगून थांबलात, तर मी बिलाविषयी विचारणार हे जवळजवळ ठरलेलेच आहे. वडील काय करतात, घरी किती माणसे आहेत, हे तांत्रिक फेरीत कोणालाही नको असते.

प्रोजेक्टच्या बाबतीत तुमचा वाटा लहान होता याचे कोणालाही वावडे नसते. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये वाटणी असणारच, तेव्हा ती पहिल्याच वाक्यात सांगून टाका: स्क्रीन आणि लॉगिन मित्राने केले, टेबले आणि बिल मी केले. अडचण होते ती सगळेच आपण केल्याचे भासवल्यावर. मी सहज विचारतो की पासवर्ड टेबलात कसा साठवला होता, आणि मग ‘ते मित्राने केले’ हे वाक्य नको त्या वेळी बाहेर येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही पाठ करता येते. आम्ही गुण देतो ते त्यावरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला. म्हणून ज्याच्यावर आणखी दोन प्रश्न आले तरी तुम्ही उभ्या राहाल, तेवढेच स्वतःहून बोला.

आता मीच तुम्हाला विचारतो, कारण हा प्रश्न मी प्रत्येक उमेदवाराला विचारतो: त्या बिलाच्या भागात कधी काही चुकले होते का? कोणता आकडा चुकला, कोणाच्या लक्षात आले आणि तुम्ही काय केले? येथेच लिहा.

टेबलस्पेस

डिलीट आणि ट्रंकेटपुरते मी सांगतो, कारण याचे जे उत्तर क्लासच्या नोट्समध्ये फिरते ते अर्धेच खरे आहे.

डिलीट ही आज्ञा एकेक ओळ काढते, प्रत्येक ओळीची नोंद लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) ठेवते, तिला ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या ओळी काढायच्या याची, अट लावता येते आणि टेबलावर डिलीटसाठी ट्रिगर (आपोआप चालणारी आज्ञा) असेल तर तो चालतो. ट्रंकेट ओळींच्या वाटेला न जाता टेबलाने अडवलेली जागाच मोकळी करते, म्हणून ती वेगवान असते आणि म्हणूनच तिला अट लावता येत नाही. तुमच्या ‘असे का?’चे उत्तर एवढेच होते. एखाद्या वहीतील नावे एकेक करून खोडणे आणि सगळी पाने फाडून नवी घालणे, यात जो फरक आहे तोच हा.

नोट्समध्ये पुढे लिहिलेले असते की ट्रंकेट केल्यावर रोलबॅक होत नाही, म्हणजे केलेला बदल मागे घेता येत नाही. ओरॅकल आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींमध्ये हे बरोबर आहे, कारण तेथे ट्रंकेटबरोबर आपोआप कमिट होते, म्हणजे बदल कायम होतो. परंतु पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या प्रणालींमध्ये व्यवहार (ट्रान्झॅक्शन) चालू असताना ट्रंकेट केले तर ते रोलबॅक करता येते. तेव्हा ‘आम्ही मायएसक्यूएल वापरले होते, त्यात असे होते’ या शब्दांत उत्तर द्यावे. ते अचूकही ठरते आणि तुम्ही ती प्रणाली खरोखर हाताळली आहे हेही त्यातून कळते.

दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधण्याची क्वेरी (डेटाबेसकडून माहिती काढणारी आज्ञा) तुम्हाला विचारली गेली असेलच. पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलणारे उत्तर सगळेच लिहितात, पण सर्वाधिक पगार घेणारे दोघे असतील तर दुसऱ्या ओळीतही तोच आकडा येतो. लिहिण्याआधीच ‘दोघांचा पगार सारखा असू शकतो का?’ असे विचारून घ्यावे आणि मग सारखे आकडे एकदाच धरणारे ‘डिस्टिंक्ट’ लावावे. उमेदवाराने असा प्रतिप्रश्न केला तर मुलाखत घेणाऱ्याला तो आगाऊपणा वाटत नाही, उलट ऐकून बरे वाटते.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत इंटिजर प्रकारच्या दोन चलांत १२७ ठेवून दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर खरे येते आणि १२८ ठेवले तर खोटे येते, असा एक प्रश्न काही जण मोठ्या हौसेने विचारतात. उणे १२८ ते १२७ या आकड्यांच्या वस्तू (ऑब्जेक्ट) जावा आधीच तयार करून ठेवते आणि पुन्हा पुन्हा तीच वस्तू देते, हे त्याचे कारण आहे. असल्या प्रश्नांनी नोकरी मिळावी किंवा जावी हे मला पटत नाही, पण ते विचारले जातात खरे. येत नसेल तर ‘नेमके कारण मला माहीत नाही, पण हे चिन्ह मूल्याची नव्हे तर वस्तूची तुलना करते, त्यामुळे त्याच्याशी संबंध असावा’ असे म्हणावे. अंदाज हा अंदाज म्हणून सांगितला तर त्याचेही गुण मिळतात. तोच ठासून सांगितला आणि चुकला तर आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते.

रात्रपाळी

मी टेस्टिंगमध्ये काम करते आणि माझ्याही पदवीनंतर चौदा महिने नोकरी नव्हती, त्यामुळे एचआर (मनुष्यबळ विभागाच्या) फेरीच्या प्रश्नांवर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे.

दहा महिन्यांच्या खंडाविषयी बोलताना क्षमा मागितल्यासारखा सूर लावू नका. ‘कॅम्पसमध्ये निवड झाली नाही, त्यानंतर मी मुलाखती देत होते आणि त्याच काळात अमुक शिकले’ हे एक वाक्य पुरे होते, मात्र ‘अमुक’च्या जागी दाखवता येईल असे काहीतरी हवे. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रांची माळ लावण्यापेक्षा तुमचाच मेसचा प्रोजेक्ट एकटीने पुन्हा लिहून काढून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवलात तर ‘मित्राने केले’ हा प्रश्नही त्यातच मिटेल. केटीचा प्रश्न आला तर विषयाचे नाव सांगा, ती सुटल्याचे सांगा आणि थांबा. शिक्षकांची तक्रार करू नका.

कमकुवतपणा विचारल्यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर एचआरच्या माणसाने त्या दिवशी कदाचित आठव्यांदा ऐकलेले असते. खरा, पण कामाला घातक नसलेला दोष सांगावा आणि त्यावर काय करता तेही सांगावे. मी सांगितले होते की बैठकीत शंका विचारायला मी कचरते, म्हणून शंका आधी वहीत लिहून घेते आणि बैठक संपल्यावर त्याच दिवशी विचारते. वही खरोखरच पिशवीत होती. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, या प्रश्नावर मात्र फार वेळ घालवू नका.

रात्रपाळीविषयी खोटे ‘हो’ म्हणू नका, कारण सपोर्टच्या कामात ती पहिल्याच महिन्यात येऊ शकते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार स्त्री कर्मचाऱ्यास रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि त्या वेळी सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते. म्हणून ‘चालेल, वाहनाची सोय कशी असते?’ हे पूर्णपणे रास्त उत्तर आहे.

बाँडविषयी (ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याच्या कराराविषयी) विचारले तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा एवढे शांतपणे विचारून घ्या. बाँडला कायद्यात काही किंमत नाही असे मित्रमंडळी सांगतात, त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली आहे. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका, आणि नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नका. मी एकदा अशा ठिकाणी पाच हजार रुपये भरून बसले होते. ते कार्यालय महिन्याभरात रिकामे झाले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हिंजवडीकर सर, तुमच्या प्रश्नावर काल रात्री विचार केला तेव्हा एक प्रसंग आठवला. तो मुलाखतीत सांगण्याइतका मोठा आहे असे मला कधी वाटले नव्हते.

आमच्या मेसचे मासिक शुल्क २८०० रुपये होते. मी त्याला महिन्याच्या दिवसांनी भागून रोजचा दर काढत असे, तो दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करून टेबलात ठेवत असे आणि मग हजर दिवसांनी गुणत असे. ३१ दिवसांच्या महिन्यात दर ९०.३२ यायचा. चाचणीच्या वेळी मेसच्या हिशेबनिसांनी एका मुलाचे बिल दाखवून विचारले की हा पोरगा महिनाभर जेवला, तरी याचे बिल २७९९ रुपये ९२ पैसे कसे? आठ पैशांसाठी काका कशाला अडून बसले आहेत असे आम्हाला वाटले, पण त्यांचे म्हणणे होते की दीडशे मुलांचे पैसे वहीतल्या बेरजेशी जुळत नाहीत. दोन दिवस मी बेरजेच्या क्वेरीत चूक शोधत बसले. शेवटी कागदावर एकाच मुलाचा हिशेब मांडला तेव्हा कळले की मी पूर्णांकन फार लवकर करत होते. मग शुल्काला आधी हजर दिवसांनी गुणले, नंतर महिन्याच्या दिवसांनी भागले आणि पूर्णांकन सर्वांत शेवटी केले, तेव्हा बिल बरोबर २८०० आले.

हे सांगितले तर चालेल का? आणि हे सारे इंग्रजीत सांगताना मी अडखळेन, त्याचे काय करावे?

हिंजवडीकर

चालेल का म्हणजे काय? चार मुलाखतींत तुम्ही हे सांगितले नाहीत याचेच मला आश्चर्य वाटते. चूक कोणाच्या लक्षात आली, तुम्ही आधी चुकीच्या जागी शोधलेत आणि मग एकच उदाहरण हाताने सोडवलेत, हे सगळे यात आहे. दोन दिवस वाया गेल्याचा भाग गाळू नका, कारण प्रत्यक्ष कामात आमचेही दिवस असेच जातात.

यावर मी तीन उपप्रश्न विचारीन, ते तयार ठेवा. रकमेचा स्तंभ फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) होता की डेसिमल (नेमका साठवणारा), आणि पैशांसाठी डेसिमल का वापरतात? संगणकाला ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) नेमकी लिहिता येत नाही, म्हणून पुष्कळ भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. हे स्वतः चालवून पाहा. दुसरा प्रश्न असा की २८ दिवस हजर असलेल्या मुलाचे बिल जुन्या आणि नव्या पद्धतीने किती येते. तिसरा असा की ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही कोणती चाचणी लिहिली, आणि लिहिली नसेल तर आज काय लिहाल.

इंग्रजीसाठी आधी हा प्रसंग मराठीत कोणाला तरी सांगा, म्हणजे क्रम पक्का होईल, आणि मग तोच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगा. पाठ करू नका. शब्द सुचला नाही तर एक-दोन क्षण थांबलात तरी कोणी गुण कापत नाही. ऑनलाइन मुलाखत असेल तर स्क्रीन शेअर करून आकडे टंका, आणि समोरासमोर असाल तर कागद मागून घ्या.

कृष्णाकाठ

२८ दिवसांचे जुन्या पद्धतीने २५२८.९६ आणि नव्या पद्धतीने २५२९.०३ येते. स्तंभ फ्लोट होता, तो आज डेसिमल केला. चाचणी लिहिलेली नव्हती. ती आता २८, २९, ३० आणि ३१ दिवसांच्या महिन्यांसाठी लिहीत आहे. पुढची मुलाखत गुरुवारी खराडीला आहे.

रात्रपाळी

गुरुवारी सांगलीहून पहाटे निघणार असाल तर तसे करू नका. बुधवारी रात्रीच पुण्यात मुक्कामाला या, आणि वही बरोबर ठेवा.