लाकडी चौकट-जाळीचं कुंपण: पहिलंच पॅनल पतंगासारखं झालं!

आगरवाली:
घर गुहागर तालुक्यात, मागे आगर. माझ्या सहा कोंबड्यांपैकी दोन मुंगसाने नेल्या. उरलेल्यांनी गडग्यापलीकडच्या वहिनींचा लाल माठ मुळासकट उकरला, तेव्हापासून वहिनींनी बोलणं टाकलंय. सुतार "गणपतीनंतर बघू" म्हणतो, कुठल्या वर्षीचे गणपती ते सांगत नाही. म्हणून स्वतःच करवत हातात घेतली.

आकेशियाच्या 3 बाय 2 इंची रिपा, 14 गेजची दोन इंची वेल्डमेश जाळी. 6 फूट बाय 4 फूट चौकट केली, कोपऱ्यांत दोन-दोन खिळे ठोकले, जाळी मारली. उभी करून बघते तर पतंग! जाळीलाही पोट आलंय. अशी अजून सहा करायची आहेत. शिवाय दोन फुटांवर कातळ लागतो, मग लाकडी खांब पुरायचे कसे?

रंधेवाला:
ताई, जाळी मारायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले होते का? 6 बाय 4 ला दोन्ही 7 फूट अडीच इंच यायला हवेत. नुसत्या खिळ्यांवर कोपरा धरत नाही. दोन्ही रिपांना निम्म्या जाडीची खाच पाडा, एकमेकींत बसवा आणि स्क्रू मारा. मध्ये एक उभी रीप हवीच.
जाळीला पोट येतं ते गुंडाळीमुळे. आधी उलटी गुंडाळून सरळ करा. मग वरच्या रिपेच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणत यू-खिळे मारत जा.

कातळावरचा:
लाकूड पुरूच नका हो! वाळवी आणि आपला पाऊस, दोघं मिळून खांब खातात. भोवती काँक्रीट ओतलंत तर त्याच वाटीत पाणी साचतं. सहा फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप दोन फूट खाली, कातळावर टेकवून काँक्रीटमध्ये उभे करा. पॅनलं त्यांना क्लॅम्प-बोल्टने लावा, म्हणजे उद्या चिऱ्यांचा टेंपो आत घ्यायचा झाला तर एक काढता येतं.

खुराडं:
गावठी कोंबडी चार फूट सहज उडते. एकाच पंखाची लांब पिसं कापा, तोल जातो, मग उडत नाही. मुंगूस मात्र या कुंपणाला दाद देणार नाही, खालून उकरेल नाहीतर वरून चढेल. ते दिवसाढवळ्या येतं, त्यामुळे रात्री खुराडं बंद करून भागत नाही. कोंबड्यांना अर्ध्या इंची जाळीची, वरूनही झाकलेली जागा करा.

आगरवाली:
कर्ण मोजले. एक 7 फूट 4 इंच, दुसरा 7 फूट 1! सगळे खिळे उपटले, दोन वाकडे झाले, एक अंगठ्यात गेला (धनुर्वाताचं इंजेक्शन झालं). खाचा पाडून परत जुळवली, आता दोन्हीकडे 7 फूट अडीच. टेपचं दुसरं टोक धरायला घरात कोणी नव्हतं, शेवटी वहिनींनाच हाक मारली. आल्या. बोलल्या नाहीत, नुसता आकडा सांगितला.