मनी प्लांट: कमी देखभालीचा वेल, तुमचे अनुभव लिहा

'काही करावं लागत नाही' असं मनी प्लांटबद्दल सगळेच म्हणतात. मग एकाच्या वेलीला तळहाताएवढी पानं आणि दुसऱ्याकडे नुसती दोरी, असं का होतं? माझ्यापुरतं सांगते. मी वार ठरवून पाणी घालत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी, तेही कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत. बशीत साठलेलं ओतून टाकते. मुळांना हवा लागते, सतत चिंब मातीत ती कुजतात. तुम्ही काय करता?

* * *

पाण्याचं अगदी पटलं. माझी एक कुंडी खिडकीशी आहे, दुसरी आतल्या कपाटावर. माती एकच, पण आतली वाळायला कितीतरी जास्त वेळ घेते. शिवाय आतल्या वेलीला नवी पानं जवळजवळ हिरवीच येत होती, पिवळे पट्टे दिसेनात. खिडकीजवळ आणल्यावर पुढची पानं पुन्हा रंगीत आली. जुनी होती तशीच राहिली. थेट कडक ऊन मात्र नको, पानं करपतात.

* * *

मोठी पानं हवी असतील तर वेल चढू द्या! हा मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरचा. रानात खोडं धरून वर जातो तेव्हा पानं प्रचंड मोठी होतात, त्यांना चिराही पडतात. खाली लोंबू दिला की पानं लहान लहान होत जातात. मी मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली काठी, लावली आहे. काठी ओलसर ठेवतो, शेंडा सुतळीनं सैल बांधतो. हवाई मुळांनी काठी धरली की सुतळी सोडायची. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

* * *

माझा बाटलीत आहे. कटिंग घेताना खोडावरची एक गाठ तरी पाण्यात बुडायला हवी, मुळं तिथूनच फुटतात. नुसतं पान देठासकट ठेवलं तर त्यातून वेल होत नाही. काच गडद रंगाची घ्या, शेवाळ कमी धरतं. पाणी बदलत राहायचं आणि अधूनमधून पातळ केलेलं द्रवखत.

* * *

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर कृपया उंचावर ठेवा. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. आमच्या मांजराला लोंबणारे शेंडे फार आवडतात, म्हणून ते मी वेळच्या वेळी कापते.

* * *

पान पिवळं पडलं की घाबरू नका, आधी कुठलं ते बघा. खालचं एखादंच जुनं असेल तर ते वयानं गेलं. एकदम बरीच मऊ पडून पिवळी झाली तर वेल कुंडीतून काढून मुळं तपासा. पांढरी, टणक ठेवायची. तपकिरी, बुळबुळीत कापून टाकायची आणि कोरड्या, निचऱ्याच्या मातीत लावायचं. वरचा एक निरोगी शेंडा पाण्यात घालून ठेवा, मुळं वाचली नाहीत तरी वेल हाताशी राहतो.